चौकोनी खिळा

माझी सख्खी आई मला "अहो बाई" म्हणते. चहाचा कप हातात दिला की "कशाला त्रास घेतलात" म्हणते, आणि मी आत गेले की भिंतीला सांगते, "बाई कामाला चांगली आहे, पण तोंडाची फटकळ आहे." फटकळ मी आहेच, लहानपणापासून. अगं, एवढं ओळखतेस तर मग मलाही ओळख ना, असं ओरडावंसं वाटतं. पण ओरडून काय उपयोग? ती घाबरते आणि चप्पल शोधायला लागते.

चप्पल हा आमच्या घरातला सगळ्यात भीतीचा शब्द आहे. आईने चप्पल घातली म्हणजे ती घरी निघाली. घरातूनच घरी निघायची, रोज, दिवस कलला की. "बराच वेळ झाला, निघते आता." कुठे निघालीस, कुणाकडे, असं विचारलं तर उत्तर नाही. मी दाराची वरची कडी लावून आडवी उभी राहायची आणि ती माझ्यापुढे हात जोडायची. "जाऊ द्या हो बाई." जन्म दिलेल्या माणसाने आपल्यापुढे असे हात जोडावेत, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

त्यावर उतारा एकच होता. पेटी.

पेटी आईच्या आईची. जाड फळ्यांची, लोखंडी पट्ट्या मारलेली, गुडघ्याच्या जरा वर येईल एवढी. आईची शाल तिच्यात असायची. आई चप्पल शोधायला लागली की मी पेटी उघडायची, शाल काढायची आणि तिच्या खांद्यावर टाकायची. की झालं. आई चप्पल विसरून पेटीशेजारी जमिनीवर बसायची, फळीवरून हात फिरवत राहायची, आणि मग जेवायलाही यायची. मला वाटायचं ही शालीची ऊब. दादाला वाटायचं पेटीचा वास. डॉक्टरांना वाटायचं गोळ्या लागू पडल्या.

उघडताना ती पेटी असली केकाटायची की विचारू नका. आधी मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी आणि शेवटी म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखी. आमच्या घरात तेलाची कुपी सगळीकडे फिरायची, शिलाई मशीनला, दाराच्या कडीला, दादाच्या सायकलला. पेटीच्या बिजागरीला थेंब लावायची मात्र कुणाची टाप नव्हती. बाबांनी एकदा लावायला घेतलं तर आईने त्यांच्या हातातून कुपी काढून घेतली. "कुणी उघडली तर मला आत कळलं पाहिजे," म्हणाली. दादा आणि मी त्यातली बिस्किटं चोरायचो, त्यामुळे हे कारण आम्हाला पटलं. पेटी म्हणजे आईचं राखणीचं कुत्रं, असं दादा म्हणायचा. पुढे आम्ही मोठे झालो, बिस्किटांची हौस फिटली, तरी पेटी केकाटतच राहिली. आता का, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

माझा धंदा सांगते, म्हणजे मी काय करून बसले ते कळेल. मी जुनं लाकडी सामान नवं करते. पलंगाचं टेबल, शिडीची मांडणी, आजोबांच्या कपाटाची नातवंडांसाठी पुस्तकांची जागा. भाड्याचा गाळा आहे. पॉलिशवाले काका सुरुवातीपासून माझ्याबरोबर आहेत. आमच्या हातून गेलेली वस्तू करकरत नाही, डुगडुगत नाही, कुणाच्या बोटात कुसळ जात नाही. याचा मला माज आहे. लोकांच्या घरी पाहुणी म्हणून गेले आणि दार करकरलं, तरी माझा हात तेलाची कुपी शोधायला लागतो.

तर एका दुपारी मी आत भांडी घासत होते आणि पेटीचं झाकण आईच्या बोटांवर पडलं. नखं काळीनिळी झाली. त्यात पेटीला कीड लागलेली, खाली रोज पिठासारखा भुसा पडायचा आणि आई खोकत राहायची. दादा आला, त्याने आईची बोटं एकेक करून हातात घेऊन बघितली. मग म्हणाला, "ही पेटी आजच्या आज भंगारात दे. नाहीतर आईला वृद्धांच्या संस्थेत ठेवू. तिथे सतत माणसं असतात. तुला एकटीला हे झेपत नाहीये."

दादा वाईट नाही. त्याने संस्था स्वतः फिरून बघितली होती. खोलीत उजेड येतो, मागे बाग आहे, जेवण गरम असतं, हे सगळं तो मला जागा दाखवणाऱ्या एजंटासारखं समजावून सांगायचा. पण मीही एकदा तिथे जाऊन आले होते. ओळीने खुर्च्या, ओळीने म्हातारी माणसं, आणि सगळ्यांचे डोळे दाराकडे. माझी आई त्या दाराशी उभी राहून रोज हात जोडणार, "जाऊ द्या हो बाई", आणि तिथल्या बाईला ती रोजची कटकट असणार. तेवढं मला सहन होणार नव्हतं. दुसरं काहीही मी सोसलं असतं.

"पेटी भंगारात जाणार नाही आणि आई संस्थेत जाणार नाही," मी म्हटलं. "पेटीचं मी बाकडं करते. खिडकीशी ठेवू, आई त्यावर बसेल, रस्ता बघेल. झाकण असं लावते की मधे बोट आलं तरी दुखणार नाही."

"बघ बाई," दादा म्हणाला. झालं, त्यानेही बाईच म्हटलं.

आई तेवढ्यापुरती दादाकडे राहिली आणि पेटी माझ्या गाळ्यात आली. मी त्या पेटीत जीव ओतला. किडलेला तळ काढून नवी फळी बसवली. किडीच्या भोकांत औषध सोडलं, वरून लांबीचा लगदा भरला. झाकण एका कोपऱ्याशी वाकलेलं होतं, ते शिकंज्यात धरून सरळ केलं. बिजागऱ्या काढायला घेतल्या तर एकीतली मधली सळईच नव्हती. तिथे कुणीतरी एक खिळा घालून खालून वाकवून ठेवला होता. जुन्या काळचा, हाताने ठोकून घडवलेला, चौकोनी खिळा.

"काय डोकं लावलंय बघ," काका म्हणाले. "गोल भोकात चौकोनी खिळा. केकाटेल नाहीतर काय करेल बिचारी?"

मी पक्कड लावली आणि तो उपटून खिळ्यांच्या डब्यात फेकला. दुखरा दात निघाल्यावर बरं वाटतं ना, तसं बरं वाटलं मला. नव्या पितळी बिजागऱ्या बसवल्या. झाकणाला हळू मिटणारे दांडे लावले. वर गादी केली, आईच्या आवडत्या हिरव्या रंगाची. काकांनी मेणाचं पॉलिश असं चढवलं की फळीत तोंड दिसावं. मग ते त्यावर बसून बघत म्हणाले, "तुझ्या हातचं आजवरचं सगळ्यात देखणं काम." मला तिथेच रडू फुटलं. वाटलं, सुटलो. आई आता कुठे जात नाही.

तिकडे आईने वहिनीला सळो की पळो करून सोडलं होतं. आम्ही म्हटलं, परकं घर आहे, होणारच. आपल्या घरी आली, पेटी दिसली, की येईल ठिकाणावर.

आई घरी आली. त्या संध्याकाळी नेहमीसारखी म्हणाली, "निघते आता." मी हसतच बाकड्याशी गेले, गादी उचलली आणि झाकण वर केलं. लोण्यासारखं वर गेलं. शाल काढून आईच्या खांद्यावर टाकली आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

आईने शाल काढली, व्यवस्थित घडी घातली आणि मला परत दिली. "छान आहे हो. पण माझी नाही."

"आई, ही आपली पेटी. बघ तरी."

"हे बाकडं आहे," ती म्हणाली. "माझी पेटी कुठे ठेवलीत तुम्ही?"

एवढं साधं वाक्य, पण त्या दिवसापासून मी तिच्यासाठी पेटी हरवणारी बाई झाले. माझ्या हातचा घास ती संशयाने बघून खायची, अर्ध्यावर ताट सारायची. बाकड्यावर एकदाही बसली नाही. दाराकडे तोंड करून जमिनीवर बसायची आणि कडी वाजली की दचकायची. मी गादी काढून टाकली. गाळ्यातून किडक्या फळीचा तुकडा आणून पेटीत ठेवला, जुना वास यावा म्हणून. पॉलिशवर चहाचा चोथा चोळला. शेवटी पटाशी घेऊन झाकणावर ओरखडे काढत बसले. लोकांच्या सामानावरचे ओरखडे घालवून पोट भरणारी मी, आईच्या पेटीवर जुने ओरखडे आठवून आठवून काढत होते. आई लांबून बघत होती. "बाई, कशाला नासवताय चांगलं बाकडं?" म्हणाली.

मग जे व्हायचं ते झालंच. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि वरची कडी लावायची राहिली. खाली आले तर दार सताड उघडं.

मी रस्त्यावर कशी धावले ते आठवत नाही. औषधाच्या दुकानात विचारलं, भाजीवालीला विचारलं, सलूनमध्ये शिरून अर्धी दाढी झालेल्या माणसाला विचारलं. सगळ्यांना हाताने दाखवत होते, एवढी उंच, पांढरे केस, मान जरा पुढे. प्रत्येक गाडीचा ब्रेक लागला की मी वळून बघायची. मनात येऊ नये ते सगळं येत होतं. त्यातलं एक असंही होतं, की सुटेल एकदाची. ते मनात आलं आणि मी रस्त्याच्या मधेच थांबले. मागून कुणीतरी हॉर्न देत होतं.

आई बस थांब्याजवळच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. एका पायात तिची चप्पल, एका पायात माझी. टाचेतून रक्त येत होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण माझं डोकं फिरलं. मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडले, काय काय बोलले. लोक थांबून बघायला लागले.

"ओरडू नका हो," आई म्हणाली. "मी आईला बघायला आलेय."

"कुठली आई आता?"

"माझी. कामावरून उशिरा येते. मी डोळे मिटून पडलेली असते, पण झोपत नाही. ती आली की आधी कपडे बदलते. पेटी वाजते. पेटी वाजली की कळतं, आली." तिने रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं. "वाजतच नाही हो हल्ली. म्हटलं, बघून यावं."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. शाल नाही, वास नाही, गोळ्या तर नाहीतच. बाबांच्या हातातून कुपी काढून घेतली होती ती बिस्किटांसाठी नव्हे. आयुष्यभर आई तो एक आवाज जपत आली, आणि मी तिची पोटची पोर, पक्कड लावून तो उपटून डब्यात फेकला. आणि वर मला बरं वाटलं होतं. तिथे बसून मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या, की दुसऱ्या कुणी दिल्या असत्या तर मी त्याचं डोकं फोडलं असतं.

दादाने आईची टाच बघितली आणि विषय संपवला. "रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. बॅग भरून ठेव."

मी त्याला आवाजाचं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एका बिजागरीच्या आवाजावर आईचा जीव टांगून ठेवायचा का आपण?" त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

नेमके काका गावाला गेलेले आणि गाळ्याच्या कुलपाची एकुलती एक किल्ली त्यांच्याकडे. ते उगवले थेट रविवारी. दादा दारात आला तसं मी त्याला सांगितलं, "आईपाशी थांब. मी आल्याशिवाय निघायचं नाही. निघालास तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही." आणि चप्पल अडकवून गाळ्याकडे धावले.

काकांनी शटर वर केलं. जुन्या बिजागऱ्या लगेच सापडल्या, काकांनी त्या रॉकेलमध्ये बुडवून, घासून, लख्ख करून ठेवल्या होत्या. खिळ्यांचा डबा आम्ही जमिनीवर उपडा केला. इतकी वर्षं लोकांच्या सामानातून उपटलेले खिळे, वाकडे, मोडके, गंजलेले. आम्ही दोघं गुडघ्यावर बसून ते चिवडत होतो. माझी बोटं सोलून निघाली. काका म्हणाले, "जन्मभर करकर घालवली, आता पैदा करायची म्हणतेस." मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पुढचा विनोद गिळला. खिळा त्यांनाच सापडला. त्यांनी तो शर्टाला पुसून माझ्या तळहातावर ठेवला.

घरी आले तर आई तयार होती. केस विंचरलेले, पायात नवी चप्पल, बॅग दाराशी. चेहरा असा उजळलेला की बघवेना. "बाई, हे साहेब मला घरी सोडतायत," तिने मला सांगितलं. "भला माणूस आहे." दादा खिडकीबाहेर बघत होता.

मी पितळी बिजागऱ्या उपसल्या. दांडे उपसले. पॉलिश खरवडलं जात होतं, लाकडाचे टवके उडत होते, उडू देत. जुन्या बिजागऱ्या बसवल्या, चौकोनी खिळा ठोकला, खालून वाकवला आणि झाकण उचललं.

काही नाही. रॉकेलने सगळं गुळगुळीत झालं होतं.

बिजागरी पुन्हा काढली. भांड्यांच्या पावडरीने घासली, गॅसवर धरून कोरडी केली, बोट भाजलं. पुन्हा लावली. झाकण उचललं. जरासं कुरकुरलं, बस. तो आवाज नव्हता.

"पुरे आता," दादा म्हणाला. आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. "तू सगळं केलंस. तिला खुशीत जाऊ दे."

त्याने बॅग खांद्याला लावली, आईचा हात धरला आणि दोघं जिन्याकडे निघाले. "सावकाश. आता खालची पायरी." नव्या चपलांचा आवाज एकेक पायरी खाली जायला लागला. ती मागे वळून बघणार नाही हे मला माहीत होतं. कशाला बघेल? बाईकडे कोण वळून बघतं?

मग माझ्या लक्षात आलं. झाकण. मूळचं झाकण वाकडं होतं, मीच ते सरळ केलं होतं. मी खोक्याचा पुठ्ठा फाडला, दुमडून बिजागरीच्या एका कोपऱ्याखाली कोंबला, स्क्रू आवळले. जिन्यातला आवाज आता अगदी खाली गेला होता. एक स्क्रू तिरका बसला, तसाच राहू दिला. आशा वगैरे काही राहिली नव्हती. मी दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि वर ओढलं.

पेटी केकाटली. आधी मांजर, मग तो म्हातारा खोकला, शेवटपर्यंत.

जिन्यातल्या चपला थांबल्या. दादा काहीतरी म्हणाला. मग चपला वर यायला लागल्या, आधी सावकाश, मग भराभर, दादाच्या पुढे. आई दारात आली. दाराशी तिने चपला काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या आणि थेट माझ्यापाशी येऊन बसली. माझ्या अंगावर भुसा होता, बोटांतून रक्त येत होतं. तिने मान माझ्या खांद्यावर टेकवली.

"आई, आलीस तू?"

"आले," मी म्हटलं.

"किती उशीर केलास."

"काम होतं गं."

"मी झोपले नव्हते." मग तिने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती बाई आहे ना इथली, तिला घालवून दे. माझी पेटी हरवली होती तिने."

दादा दारात उभा होता. त्याने खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली.

"घालवते," मी म्हटलं.

आई थोडा वेळ फळीवरून हात फिरवत राहिली, मी काढलेल्या ओरखड्यांवरून. मग तिने पुन्हा मान वर केली.

"पण जेवून जाऊ दे तिला. दिवसभर राबते गं ती. उपाशी नको पाठवू."

"बरं," मी म्हटलं. "जेवूनच जाईल."